जीआरईच्या निबंधात वादग्रस्त उदाहरण द्यावे का?

प्रश्न
पुढच्या महिन्यात माझी जीआरई, म्हणजे परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा, आहे. सरावासाठी ‘संशोधनाच्या परिणामांना शास्त्रज्ञ जबाबदार असतो का’ हा विषय घेतला आणि गर्भपाताच्या औषधांचे उदाहरण दिले. निबंध वाचून मैत्रीण म्हणाली, की परीक्षकाचे मत उलट असेल तर गुण जातील. माझे मत मनापासूनचे आहे आणि ते दडवणे मला पटत नाही. काय करावे?

प्रतिसाद १
मताला गुण नसतात. भूमिका स्पष्ट आहे का, कारणे आणि उदाहरणे तिला आधार देतात का, मांडणी व भाषा कशी आहे, हे पाहून ० ते ६ या श्रेणीत अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या टप्प्याने गुण दिले जातात. एक प्रशिक्षित परीक्षक आणि ई-रेटर ही संगणकप्रणाली असे दोघे निबंध तपासतात आणि दोघांत मोठी तफावत पडली, तर दुसऱ्या परीक्षकाकडे तो जातो. त्यामुळे एका माणसाच्या नाराजीची एवढी धास्ती घेऊ नका.

प्रतिसाद २
वरचे म्हणणे बरोबर आहे, पण खरी अडचण वेगळीच आहे असे मला वाटते. हाताशी असतात ३० मिनिटे. गर्भपाताचे उदाहरण घेतले, की ‘जीव केव्हा सुरू होतो’ हा दुसराच वाद अंगावर येतो, आणि तो मिटवल्याशिवाय उदाहरणाचा पुरावा म्हणून उपयोग होत नाही. माझ्या एका सराव निबंधात मी मृत्युदंडाचे उदाहरण घेतले होते. दोन परिच्छेद मृत्युदंड कसा चुकीचा हे सांगण्यात गेले आणि मूळ विषय शेवटच्या तीन ओळींत कसाबसा उरकावा लागला.

तुमच्या विषयाला जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर पाहा. त्याने शोधलेल्या अमोनियानिर्मितीच्या पद्धतीतून खते आली आणि त्यासाठी त्याला १९१८चे नोबेल मिळाले. त्याच माणसाच्या देखरेखीखाली पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर शत्रूवर विषारी क्लोरीन वायू सोडला गेला. वादग्रस्त तर आहेच, पण घटनांबद्दल दुमत नाही. वाद राहतो तो फक्त जबाबदारीचा, म्हणजे नेमका तुम्हाला विचारलेला.

प्रतिसाद ३
भाषेकडेही लक्ष द्या. ‘विरोधकांना माणुसकीच नाही’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. ‘विरोधकांचा आक्षेप असा, की शोध लावणाऱ्याला पुढचा वापर ठाऊक नसतो, पण हाबर त्या वेळी रणभूमीवर हजर होता’ असे लिहिले, तर आक्षेपही मांडला जातो आणि त्याचे उत्तरही.

प्रश्नकर्ती
आज घड्याळ लावून पुन्हा लिहिले. हाबर चार वाक्यांत बसला आणि उलट बाजूसाठी एक पूर्ण परिच्छेद मिळाला. मत मात्र तेच ठेवले आहे.