सत्र संपताना शाळेतून घरी काय आलं? (अनुभव धागा)

काल माळा आवरताना लेकाचं दुसरीचं प्रगतिपुस्तक सापडलं. श्रेण्या सगळ्या अ-२, ब-१ अशा. त्या मला आठवतही नव्हत्या. पण खाली तीन रकाने असतात ना, 'विशेष प्रगती', 'आवड/छंद' आणि 'सुधारणा आवश्यक', त्यातल्या तिसऱ्यात बाईंनी निळ्या पेनाने लिहिलं होतं: 'डबा दुसऱ्याला देऊन स्वतः उपाशी राहतो.'

१ मेला झेंडावंदन झाल्यावर वर्गात निकाल हातात पडला, तेव्हा हे वाचून मी चिडलेच होते. अभ्यासाबद्दल चार शब्द लिहायचे सोडून डबा कसला! घरी आल्यावर लेकाला खोदून विचारलं. शेजारी बसणाऱ्या पोराला भेंडी आवडते आणि ह्याला बघवत नाही, एवढीच भानगड होती. आता हा नववीत आहे. भेंडी अजूनही खात नाही.

तर मंडळी, सत्र संपताना तुमच्या घरी शाळेकडून काय आलं? निकाल, चिठ्ठी, सूचना, फोन, काहीही चालेल. टक्के नकोत. लक्षात काय राहिलं ते लिहा.

सातारा जिल्हा, शिक्षक

ताई, तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा. तसली नोंद लिहायला पोराकडे बघावं लागतं.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. चार वर्ग, दोन माणसं. पालकांना वाटतं निकाल म्हणजे शेवटचा पेपर. पहिली-दुसरीला शंभरातले ७० गुण आकारिकचे असतात, म्हणजे वर्षभराचं तोंडी काम, कृती, उपक्रम, वर्गातलं काम. संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या लेखी-तोंडी परीक्षेचे, फक्त ३०. तिसरी-चौथीला हे ६०-४० होतं. शिवाय प्रत्येक विषयाला वर्णनात्मक नोंदी. आता खरं सांगतो, ह्या नोंदींच्या तयार याद्या मोबाईलवर फिरतात. 'वर्गकार्यात सहभागी होतो.' 'शब्दांचा योग्य उच्चार करतो.' 'गृहपाठ वेळेवर पूर्ण करतो.' उचलायचं आणि उतरवायचं. एका वर्षी घाईत मी एका मुलीच्या कार्डावर 'इतरांना मदत करतो' असं लिहून मोकळा झालो होतो.

त्याच वर्षी एक मेंढपाळ बाप निकाल घेऊन परत माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "गुरुजी, काय लिवलंय तेवढं वाचून दावा." मी वाचलं, "वर्गकार्यात सहभागी होतो." तो उभाच. मग म्हणाला, "फुडं?"

पुढं काही नव्हतं. मी तिथल्या तिथं तोंडाने सांगितलं, की तुमचा पोरगा बेरीज मनात करतो, पाटीवर मांडायचा कंटाळा करतो, आणि मेंढरं मोजल्यासारखं दोन-दोनने मोजतो. तो बाप हसला आणि गेला. तेव्हापासून प्रत्येक कार्डावर एक तरी वाक्य यादीबाहेरचं लिहितो. दरवर्षी जमतंच असं नाही. २०२५ ला परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या आणि निकाल १ मेला. मधल्या पाच दिवसांत पेपर तपासायचे, नोंदवह्या पुऱ्या करायच्या, कार्डं लिहायची. त्या साली यादीचाच आधार घेतला, खोटं कशाला बोलू.

नागपूर

आमच्याकडची दरवर्षीची बातमी एकच, शाळा उघडणार कधी. इकडे उन्हामुळे विदर्भाच्या शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा सुरू होतात, हे पुण्याच्या आत्याला वीस वर्षांत समजलेलं नाही. जूनच्या मध्यावर तिचा फोन ठरलेला, "अगं, पोरं अजून घरीच कशी?" आत्या, इकडे या एकदा. कूलरसमोर बसवते.

बीड जिल्हा

माझे आईवडील ऊसतोडीला, कोयत्यावर जायचे. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असायचीच, आणि आम्ही सगळे कारखान्याकडं. पहिल्या सत्राचा निकाल आमच्या घरात कुणी बघितल्याचं मला आठवत नाही. आम्ही फडात असायचो.

प्रगतिपुस्तकात हजेरीचा तक्ता असतो. जूनपासून एप्रिलपर्यंत महिने, वर कामाचे दिवस, खाली उपस्थित दिवस. माझ्या दुसरीच्या पुस्तकात जून ते ऑक्टोबर आकडे आहेत, आणि मग आडव्या रेघा. एकापुढं एक पाच रेघा. परत आलो तेव्हा उन्हाळा लागलेला, परीक्षा तोंडावर. सरांनी मला हाकललं नाही, बसवलं. पण वाचायला उभं केलं की माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही. फडावरच्या झोपडीत, कोपीत, पाच महिने लहान भावाला सांभाळून अक्षरं विसरून गेलो होतो.

तिसरीला गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं. दोन वेळचं जेवण शाळेत आणि रात्री आजीपाशी. आई गाडीत बसताना रडली, मी नाही रडलो, मला वाटलं आता रोज दुपारी खिचडी. रात्री मात्र रडलो.

त्या वर्षी निकाल लागायच्या आधीच आईवडील परत आले होते. पुस्तक घरी आणलं. वडलांना वाचता येत नव्हतं. मी श्रेणी वाचून दाखवायला लागलो तर म्हणाले थांब. त्यांनी हजेरीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत नेलं. मग आईला म्हणाले, "बघ, कुठं रेघ न्हाई." सहीच्या जागी आधीच्या वर्षापर्यंत आजीचा अंगठा होता. त्या वर्षी वडलांनी स्वतः उठवला, आणि शाई इतकी लागली की मागच्या पानावर उतरली.

मी आता एसटीत वाहक आहे. पुस्तक अजून आहे माझ्याकडं.

ठाणे

वरचं वाचून गप्प बसावंसं वाटतंय, तरी आमचं ऐका. आमच्या शाळेचं (नाव घेत नाही) सगळं ॲपवर. वार्षिक सूचनापत्र तेरा कलमी, त्यातली नऊ फीबद्दल. ओपन हाउसला आम्हाला ९:४० ते ९:४४ अशी वेळ मिळाली. मी हाफ डे टाकून, नवरा ऑफिसला दांडी मारून. मॅडमनी लॅपटॉपकडे बघत विचारलं, "शी इज युवर सन, राइट?" चार मिनिटांतली दीड तिथेच गेली.

निकाल ॲपवर उघडेना. विचारलं तर कळलं, पुढच्या वर्षाचा पहिला हप्ता भरल्याशिवाय कुलूप निघत नाही. तोवर पालकांच्या ग्रुपवर निकाल कुणाला आठवतच नव्हता म्हणा. २०२५ चा एप्रिल तो. १६ तारखेला पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी, असा निर्णय आला, आणि ग्रुप पेटला तो पेटलाच. २९ जूनला सरकारने निर्णय मागे घेतला, तोपर्यंत दोन जणी ग्रुप सोडून गेल्या होत्या आणि एक आजोबा ॲडमिन झाले होते.

रेडिंग, इंग्लंड

आमच्याकडे वर्ष जुलैत संपतं, आणि शेवटच्या पंधरवड्यात शाळेचे निरोप पावसासारखे येतात. खेळांचा दिवस, पुस्तकं परत करा, टेबलावर हरवलेल्या वस्तू मांडल्यात त्या उचला. त्या टेबलावर तेरा निळी कार्डिगन, एकावरही नाव नाही. त्यातलं एक आमचं, हे मी वासावरून ओळखलं. फोडणीचा वास. हसू नका.

पण लक्षात राहिलं ते वेगळंच. इथे पहिल्या इयत्तेच्या मुलांची जूनमध्ये उच्चारांची तपासणी होते. बाईंसमोर बसून ४० शब्द वाचायचे, त्यातले निम्मे खरे आणि निम्मे बनवलेले, अर्थच नसलेले. बनवलेल्या शब्दाशेजारी परग्रहवासीयाचं चित्र असतं, म्हणजे मुलानं अर्थ शोधत बसू नये. घरी मराठी बोलणारी पोर मागे पडेल का, ही माझी वर्षभराची धास्ती. नवऱ्याशी भांडणंही झाली, घरात इंग्रजी सुरू करू या म्हणून.

वार्षिक अहवालाबरोबर निकाल आला, अपेक्षित पातळी गाठली होती. खाली बाईंनी एक ओळ जोडलेली. अर्थहीन शब्द वाचताना ती थांबून विचारायची, 'हा मराठी शब्द आहे का?' आणि नाही म्हटलं की पुढचा वाचायची. घरात इंग्रजी सुरू करण्याचा विषय त्या दिवशी बंद झाला. शनिवारच्या मराठी वर्गाला मात्र ती अजून कुरकुरत जाते.

सिंधुदुर्ग, आजोबा

सगळे आताच्या निकालांबद्दल बोलतायत, म्हणून जुना सांगतो. आमच्या वेळी मास्तर यादी वाचत. नाव आलं म्हणजे पास. नापास असा शब्द मास्तर उच्चारतच नसत, यादी संपायची आणि आपलं नाव राहिलेलं असायचं. मी तिसरीत राहिलो. पुढच्या वर्षी धाकटा भाऊ वर आला आणि माझ्याच पाटावर शेजारी बसला. त्याला पाढे येत, मला येत नसत. तो हळूच सांगायचा. आजही बाजारात हिशोब तोच करतो.

नातू परवा विचारत होता, "आजोबा, नापास म्हणजे काय?" २०१० ला शिक्षणहक्क कायदा लागू झाल्यापासून त्याच्या पिढीने तो शब्द घरात ऐकलेलाच नव्हता.

नाशिक

काका, तो शब्द परत आलाय. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात राहिलं तर पुनर्परीक्षा, तिच्यातही राहिलं तर त्याच वर्गात. माझा मुलगा पहिल्याच तुकडीत सापडला. गणितात गेला.

निकालाच्या दिवशी सरांनी मला बाजूला घेतलं, मुलाला नाही. म्हणाले, जूनमध्ये परत पेपर आहे, सुट्टीत रोज तासभर बसवा, मारू नका. बायको म्हणाली, सुट्टीत कुठे जायचं नाही. मी म्हटलं, मामाकडे जायचंच. गेलो. मामाचं किराणा दुकान आहे. पोरगा महिनाभर गल्ल्यापाशी बसला. पावशेर, अर्धा किलो, सुट्टे परत. अपूर्णांक त्याला तिथे कळले, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण मामेबहिणीने रोज संध्याकाळी पुस्तकातूनही घेतलं होतं. जूनमध्ये सुटला. त्याला आजवर वाटतं की ती जादा परीक्षा सगळ्यांनाच होती. नियम बरा की वाईट, मला ठरवता येत नाही. तो महिना मात्र मला झोप नव्हती.

पुणे, पुन्हा धागा काढणारी

नाशिककर, तुमच्या सरांचं 'मारू नका' फार आवडलं.

यावरून आठवलं, धाकटीचं २०२१ चं कार्ड. श्रेणीच्या रकान्यांत काहीच नाही, फक्त शिक्का: 'आरटीई कायदा २००९, कलम १६ नुसार वर्गोन्नत'. आरटीई म्हणजे काका म्हणाले तोच शिक्षणहक्क कायदा. कोविडमुळे पहिली ते आठवी सगळ्यांनाच विनापरीक्षा वर चढवलं होतं. तिची अख्खी पहिली मोबाईलवर झाली. वर्गशिक्षिका समोर आल्या तेव्हा ती माझ्यामागे लपली, आणि मग कानात म्हणाली, "बाई एवढ्या उंच आहेत?"

फोंडा, गोवा

आमच्याकडे वर्ष नेमकं कधी संपतं हाच घोळ. २०२५ पासून सहावी ते दहावीचं नवं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, प्राथमिकचं मात्र जूनमध्येच. मोठीची नवीन पुस्तकं आणि धाकटीचा निकाल एकाच टेबलावर. मे महिन्यात मोठी गृहपाठ करते आणि धाकटी तिच्यासमोर बसून मुद्दाम आंबा चोखते.

अकोले तालुका, अहमदनगर (आता अहिल्यानगर)

आमच्या वाडीतली शाळा चौथीपर्यंत. ह्या वर्षी चौथीत सहा पोरं, त्यात माझी मुलगी. निरोपाला पोरांनी वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचं घड्याळ दिलं. आधीची तीन घड्याळं भिंतीवर होतीच, तिन्ही बंद. गुरुजी म्हणाले, चालू असलेलं हे एकच, आता शाळा वेळेवर सुटेल.

निकालाबरोबर दाखला मिळाला, पाचवीला पुढच्या गावात नाव घालायचं म्हणून. मी तो घरी येऊन सावकाश वाचला. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. अभ्यासातील प्रगती, चांगली. वर्तणूक, चांगली. शाळा सोडण्याचे कारण, 'पुढील शिक्षणासाठी'.

मग ट्रंकेतून माझा काढला. मी सातवीपर्यंत शिकले. प्रगती चांगली, वर्तणूक चांगली, अक्षर वेगळं पण शब्द तेच. कारणाच्या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून'. विनंती कसली, लग्न ठरलं नव्हतं की काही नव्हतं, घरी म्हैस आणली होती आणि तिच्यामागं जायला कुणी पाहिजे होतं.

मुलीला दाखवला नाही. तिच्या दाखल्याला लॅमिनेशन करू नका, पुढच्या शाळेत अस्सल लागतो, असं गुरुजींनी बजावलंय. म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलाय, माझ्या दाखल्याच्या वर. १५ जूनला काढायचा आहे.