शाहू स्टेडियम : गॅलरीत तुमची जागा कुठली?

कोल्हापुरात स्वतःचं मैदान असं कुठल्याच फुटबॉल टीमचं नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, सगळे एकाच राजर्षी शाहू स्टेडियमवर खेळणार. आपली म्हणावी तर गॅलरीतली जागा. आमचे आण्णा बसायचे तिथंच मी बसतो. ते गेल्यावरच्या पहिल्या मॅचला उशिरा पोचलो, तर शेजारच्या काकांनी त्या पायरीवर रुमाल टाकून ठेवला होता. काही बोलले नाहीत, नुसता उचलला. तुमच्याही आठवणी लिहा. पेठ सांगा, वाद नको. (होणारच.)

मंगळवार पेठ
बाहेरचे पाहुणे आले की हमखास विचारतात, फुटबॉलच्या टीमचं नाव 'तालीम' कसं? अहो, गाव कुस्तीचं. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं. पेठेपेठेत तालमी होत्याच, त्याच तालमींची पोरं पुढं बॉलमागं धावायला लागली. नाव कशाला बदलायचं?

आजोबांकडून ऐकलेलं
स्टेडियम आहे तिथं पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. तळ्यांचंच गाव हे. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाची मंडई. पाऊस पडून गेला आणि मैदानात पाणी साचलं की आजोबा म्हणायचे, "तळं आपली जागा विसरलेलं नाही."

माहेर शिवाजी पेठ, आता पुणे
आम्हा मुलींना मॅचला नेत नसत. निकाल मात्र सगळ्यांच्या आधी आम्हाला कळायचा. दादा बोळातून सायकल चालवत आला तर जिंकले, हातात धरून आला तर हरले. २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा सगळं घर टीव्हीसमोर. आईनं एवढंच विचारलं, "पोरगा कुठल्या तालमीचा?"

एक जुना राइट बॅक
दोन सीझन खेळलो. लाइनीजवळ गेलं की गॅलरीतून नावानिशी शिव्या, घरच्यांची चौकशी करून! एकदा पेनल्टी बाहेर मारली. आठवडाभर केस कापायला दुसऱ्या पेठेत जायचं ठरवलं, तर तिथला कारागीर म्हणाला, "या, तुमच्यामुळंच जिंकलो." आमच्यात त्या वर्षी एक नायजेरियन खेळाडू होता. महिन्याभरात तो "ए, पास दे की लगा" म्हणायला लागला आणि तांबड्या रश्श्याची तिसरी वाटी मागायला लागला.

नाव नको
गोड गोड बरंच झालं. मी पोराला पहिल्यांदा घेऊन गेलो त्या दिवशी दोन्हीकडच्या समर्थकांत जुंपली. दगड आले, पोलीस आले. पोराला खांद्यावर टाकून पळालो, त्याचा एक बूट तिथंच राहिला. पुढची दोन वर्षं तो यायला तयार नव्हता. टीम सांगणार नाही, आमचीच होती.

बिंदू चौकाजवळून
ते सगळं राहू दे भावा. काकांचा रुमाल कुठल्या रंगाचा होता सांगा, पेठ आम्ही ओळखतो.

धागाकर्ता
पांढरा होता. बसा आता.