मदत हवी आहे : अलास्का क्रूझवर बरी क्राफ्ट बीअर कुठल्या बोटीवर मिळते? (शुक्रवारपर्यंत ठरवायचंय)

कोथरूड_ते_केंट

लोकहो, जरा पटकन मदत करा. ऑगस्टमधली सात रात्रींची अलास्का बघतोय, दोन वेगळ्या कंपन्यांच्या बोटींवर केबिन होल्डवर टाकल्यात आणि होल्ड शुक्रवारी संध्याकाळी संपतो. भाव जवळपास सारखेच, खाणंपिणं सारखंच वाटतंय, त्यामुळे माझ्यासाठी आता एकच प्रश्न उरलाय, क्राफ्ट बीअर (म्हणजे छोट्या ब्रुअऱ्यांची, मोठ्या कारखान्यांची नव्हे) कुठे चांगली?

मागच्या वर्षी एका कंपनीच्या बोटीने (या दोघांपैकी नाही, नाव लिहीत नाही) कॅरिबियनला गेलो होतो. बीअरच्या कार्डावर बावीस नावं, त्यातल्या सोळा-सतरा त्याच फिकट लागर, फक्त देश वेगळे. आयपीए (जास्त हॉप्सची कडवट बीअर; हॉप्स म्हणजे बीअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) दोनच. एक दुसऱ्या दिवशी संपली ती संपलीच. दुसरीचा कॅन उलटा करून बघितला तर बुडावर आठ महिन्यांपूर्वीची तारीख, वासाला हॉप्स अजिबात नाहीत आणि चव ओल्या पुठ्ठ्यासारखी. वर सर्व्हिस चार्ज धरून दहा डॉलरच्या पुढे बिल. एवढा खर्च करून सात दिवस हेच पिणार असू तर मला खरंच वाईट वाटतं, कारण या वेळी बाबा सोबत आहेत. कुठली बोट घेऊ?

हॉप्सवेडा

कुठून सुटते? कुठल्या दोन बोटी? ड्रिंक्स पॅकेज (रोजच्या ठरावीक पैशांत पेयं) घेणार की सुटी बीअर? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

कोथरूड_ते_केंट

सॉरी, सिअॅटलहून. एक नॉर्वेजियन ब्लिस, दुसरी हॉलंड अमेरिकेची. वाटेत अलास्कातली जुनो, स्कॅगवे, केचिकन ही बंदरं आणि येताना कॅनडातलं व्हिक्टोरिया. केंट म्हणजे सिअॅटलच्या शेजारीच, बोट घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. म्हणून तर जास्त लागतं, अमेरिकेतल्या हॉप्सपैकी साधारण तीन चतुर्थांश आमच्या वॉशिंग्टन राज्यात पिकतात, याकिमा खोरं इथून अडीच तासांवर, आणि बोटीवर चढलं की तीच हिरव्या बाटलीतली फिकट लागर.

हॉप्सवेडा

मग ब्लिस, डोळे मिटून. तिच्यावर डिस्ट्रिक्ट ब्रू हाऊस आहे, क्राफ्ट बीअरसाठीच काढलेला बार. ही कल्पना २०१५ ला नॉर्वेजियन एस्केपवर आली, तेव्हा २४ नळ आणि वर पन्नासहून जास्त बाटल्या होत्या. मी एस्केपवर गेलोय, मायामीच्या विनवुड ब्रुअरीची बीअर नळावर मिळाली, ताजी होती.

बजेट असेल तर मात्र खरी मजा कार्निव्हल व्हिस्टावर, बोटीवरच ब्रुअरी आहे, २०१६ पासून. काचेच्या मागे टाक्या दिसतात.

सुमेधा_डॅलस

व्हिस्टा अलास्काला जात नाही हो, कॅरिबियनला फिरते. त्यांनी अलास्का विचारलंय.

निळीशाई

मी पिणाऱ्यातली नाही, तरी लिहिते. अलास्काला जाऊन बारमध्ये बसू नका. हिमनदीचा कडा तुटून पाण्यात पडतो तो आवाज ऐकायला डेकवर उभं राहावं लागतं, आम्ही तीन तास उभे होतो, अंगात चार कपडे घालून. आईवडिलांना तो अनुभव द्या.

हॉप्सवेडा

दोन्ही करता येतं की. ग्लास हातात घेऊन डेकवर उभं राहता येतं. विचारलं त्याचं उत्तर द्यावं.

वेंगुर्लेकर_बोटीवरचा

मी अकरा वर्षं क्रूझवर प्रोव्हिजनला होतो, म्हणजे बोटीच्या कोठारात. बीअर अशी का असते ते सांगतो.

बोट सकाळी सहा-सातला धक्क्याला लागते आणि चार-पाचला सुटते. तेवढ्यात तीन-चार हजार माणसं उतरणार, तेवढीच चढणार, सामान, कचरा, आणि आठवड्याचा सगळा माल बाजूच्या दारातून फोर्कलिफ्टने आत घ्यायचा. बीअर पॅलेटवर येते. काय घ्यायचं ते बोटीवरचा माणूस ठरवत नाही, हेड ऑफिस अख्ख्या ताफ्यासाठी महिने महिने आधी ठरवतं. पंधरा बोटींना दर आठवड्याला तीच बीअर, तेवढीच, त्याच भावात देणारा लागतो. छोट्या ब्रुअरीला ते जमत नाही. एकदा माल चुकला तर पुढच्या फेरीपर्यंत कार्डावर नाव आणि फ्रिजात काही नाही, हेच तुमच्या आयपीएचं झालं असणार.

दुसरं म्हणजे थंड जागा. चिलरमध्ये आधी भाजी, दूध, मासे, मांस, फुलं. केगना (नळावरच्या बीअरच्या पिंपांना) जागा मिळते, कॅन-बाटल्यांचे खोके बहुतेक कोरड्या कोठारात. मोठ्या कंपन्यांची लागर पाश्चराइज केलेली असते, ती तिथे टिकते. क्राफ्टवाले बरेच जण पाश्चराइज करत नाहीत, आणि उष्णतेत पहिला जातो तो हॉप्सचा वास. कॅरिबियनच्या उन्हात पॅलेट धक्क्यावर तासभर राहिला तरी फरक पडतो. अलास्काला ती अडचण कमी, हवाच थंड.

म्हणून माझं सांगणं, बोट कुठलीही घ्या पण नळावरची प्या, कॅन घेतलात तर आधी बुडाची तारीख बघा, आणि पहिल्या संध्याकाळी बार मॅनेजरला नीट विचारा की आज सिअॅटलला कुठली बीअर चढली. तो आनंदाने सांगतो, कोणी विचारत नाही त्याला. मी होतो त्या दोन्ही अलास्काच्या बोटींवर अलास्कन अॅम्बर कायम असायची.

हॉप्सवेडा

वेंगुर्लेकर, माल चढवायची अडचण मान्य, पण हा मुख्यतः इच्छेचा प्रश्न आहे. कार्निव्हलने बोटीवर करायला घेतली, पुढे त्याच पाककृतींची बीअर फ्लोरिडात कॅन आणि केगमध्ये भरून सगळ्या ताफ्याला द्यायला लागले. मनावर घेतलं की होतं.

वेंगुर्लेकर_बोटीवरचा

तुम्ही माझंच म्हणणं सांगताय. सगळ्या ताफ्याला पुरेल एवढी एकसारखी बीअर बाहेरून मिळेना म्हणून स्वतःची करावी लागली. जुनोच्या छोट्या ब्रुअरीची चांगली बीअर त्यातून ताफ्यात आली का? नाही आली.

रेड_रूफ_श्टुटगार्ट

बोटीवर बीअर करायची सुरुवात कार्निव्हलची नाही. आमच्या जर्मन आयडा कंपनीने २०१० ला आयडाब्लूवर ब्राउहाउस काढलं, समुद्राचं पाणी गोडं करून त्याची बीअर. मी प्यायलोय, स्वच्छ, मऊ चव. बाबांना घेऊन युरोपला या, नॉर्वेचे फ्योर्ड अलास्काइतकेच सुंदर आहेत. फक्त बोटीवर सगळं जर्मनमध्ये चालतं.

माल्टमास्तर_एडिसन

गोडं केलेलं पाणी बीअरला फार चांगलं, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात, कोऱ्या पाटीसारखं. पिल्सनर तशाच मऊ पाण्यावर जन्माला आली. आयपीएला मात्र जिप्सम (एक क्षार) टाकावं लागतं, त्याशिवाय कडवटपणाला धार येत नाही. मी घरी वीस लिटरला एक चमचा टाकतो.

सुमेधा_डॅलस

आरओचं पाणी चालतं का त्याला? आमच्याकडे नळाचं पाणी फार जड आहे, चहावरसुद्धा तवंग येतो.

माल्टमास्तर_एडिसन

चालतं, उत्तम. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

कोथरूड_ते_केंट

कृपया इथे पाण्यावर नको. माझा होल्ड चालू आहे. ब्लिसकडे झुकतोय. पॅकेज घ्यावं का?

सुमेधा_डॅलस

कोण कोण पिणार आहे?

कोथरूड_ते_केंट

मी आणि बाबा. बायको आणि आई नाही पीत. बाबा दिवसाला दोन, मी तीन धरा. दोन केबिन, एक आमची, एक आईबाबांची.

सुमेधा_डॅलस

मग नकोच. बऱ्याच कंपन्यांचा नियम आहे की एका केबिनमधल्या एका मोठ्याने पॅकेज घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यायचं. म्हणजे दोघं पिणार आणि चौघांचे पैसे. फुकट म्हणून देतात त्या पॅकेजवरही सर्व्हिस चार्ज माणशी रोजचा द्यावा लागतो. तीन बीअर म्हणजे तीसेक डॉलर, पॅकेज त्याच्या दुपटीच्या वर जातं.

नाशिकचा_पाहुणा

सोपा उपाय, कागदावर बापलेक एका केबिनमध्ये, सासूसून दुसऱ्या. आत गेल्यावर हवं तसं झोपा. आम्ही केलंय.

वेंगुर्लेकर_बोटीवरचा

करतात लोक, पण किल्ली, बिल आणि आणीबाणीत जमायची जागा, तिन्ही केबिनच्या नोंदीवर असतं. वयस्कर माणसं असतील तर नोंद खरी असलेली बरी, रात्री काही झालं तर आम्ही यादी बघूनच माणसं मोजतो.

टिळकरोड

मुंबई-गोवा क्रूझवर क्राफ्ट बीअर मिळते का? दिवाळीत जायचंय.

नाशिकचा_पाहुणा

बोटीवरचं माहीत नाही. गोव्यात उतरून घ्या, तिथे गोवा ब्रुइंगची एट फिंगर एडी आयपीए मिळते, मला फार आवडली.

निळीशाई

वडिलांचं वय काय? गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारलंय का?

कोथरूड_ते_केंट

बाबा एकाहत्तर. विचारलंय, दोनपर्यंत चालेल म्हणाले. बाबांबद्दल थोडं सांगतो म्हणजे मी एवढा मागे का लागलोय ते कळेल. आयुष्यभर बँकेत नोकरी, दारूला हात लावला नाही. रिटायर झाल्यावर मी पुण्यात सुट्टीवर असताना एकदा डूलाली या मायक्रोब्रुअरीत घेऊन गेलो. संत्र्याची साल आणि धणे घातलेली गव्हाची बीअर होती, बेल्जियन विट. एक घोट घेतला, ग्लास उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "ही गढूळ का आहे रे?" मग वेटरलाच विचारलं, त्याने गव्हाचं, यीस्टचं सगळं समजावलं, बाबांनी खिशातल्या डायरीत लिहून घेतलं. तेव्हापासून प्रत्येक बीअर त्या डायरीत आहे, तारीख, जागा, चव. आमच्यात बोलणं फार कमी होतं, ते त्या डायरीवरून सुरू झालं. म्हणून हे सात दिवस वाया जाऊ द्यायचे नाहीत.

वेंगुर्लेकर_बोटीवरचा

मग ऐका, चांगली बीअर बंदरावर प्या. बोट त्यासाठीच थांबते.

जुनोला अलास्कन ब्रुइंग, १९८६ पासून. लेमन क्रीकला आहे, धक्क्यापासून पाचेक मैल, टॅक्सी करा. तिथे अॅम्बर ताजी मिळेल आणि नशीब असेल तर स्मोक्ड पोर्टर, धुरकट चवीची काळी बीअर. तिचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) एल्डर झाडाच्या लाकडावर धुरी देऊन करतात, १९८८ ला सुरुवात केली तेव्हा साल्मनला धुरी देणाऱ्या शेजाऱ्याच्या भट्टीत केलं होतं. बाबांच्या डायरीला दोन पानं लागतील.

स्कॅगवेला स्कॅगवे ब्रुइंग, तिथली स्प्रूस झाडाच्या कोवळ्या शेंड्यांची ब्लाँड बीअर घ्या. बाटल्या घेऊन बोटीवर याल तर दारातच काढून ठेवतात आणि शेवटी परत देतात, तेव्हा बसूनच प्या.

हॉप्सवेडा

हे मस्त. आणि व्हिक्टोरियाला स्पिनेकर्स, १९८४ पासून, कॅनडातल्या सगळ्यात जुन्या ब्रूपबपैकी (स्वतःची बीअर करणाऱ्या पबपैकी) एक. बोटी तिथे बहुतेक संध्याकाळी लागतात, टॅक्सीने जाऊन एक ग्लास सहज होतो.

अर्जदार_टोरांटो

थांबा, आईवडिलांचा पासपोर्ट भारतीय आहे ना? कॅनडाचा व्हिसा काढलाय का?

कोथरूड_ते_केंट

नाही. त्यांच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा आहे. व्हिक्टोरियाला बोट जेमतेम चार तास थांबते, उतरलो नाही तरी चालेल.

अर्जदार_टोरांटो

नाही चालत. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो, बोटीवरून उतरा किंवा उतरू नका. तो नसेल तर सिअॅटलच्या धक्क्यावरच चढू देत नाहीत. तुमचं दोघांचं काय?

कोथरूड_ते_केंट

आमचं ग्रीन कार्ड.

अर्जदार_टोरांटो

मग तुम्हा दोघांना नको, पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड पुरे. म्हणूनच तुमच्या लक्षात आलं नाही. आईबाबांचा आत्ताच ऑनलाइन भरा, माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांच्या ठशांचे ८५, ठसे तिकडेच व्हीएफएसला (व्हिसा अर्ज केंद्रात) देता येतील.

नाशिकचा_पाहुणा

व्हिक्टोरियाला न थांबणारी बोट घ्यायची मग. एवढी कटकट कशाला.

अर्जदार_टोरांटो

सिअॅटलहून निघून सिअॅटललाच येणारी तशी मिळणार नाही. १८८६ चा अमेरिकन कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेतून अमेरिकेत प्रवासी फिरवायचे तर मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं. या मोठ्या बोटी जवळपास सगळ्या परदेशी झेंड्याच्या. व्हिक्टोरिया त्यासाठीच आहे.

कोथरूड_ते_केंट

अपडेट. कंपनीला फोन केला, व्हिसाचं त्यांनीही तेच सांगितलं. डिपॉझिट परत मिळणारं भाडं आहे, ब्लिस बुक केली, पॅकेज नाही. पुण्यात तेव्हा सकाळचे साडेसात, बाबांना उठवून सगळं सांगितलं. ते म्हणाले फोटो आजच काढून येतो, आणि ती धुरी दिलेली बीअर कुठल्या गावाची, स्पेलिंग सांग. अर्जदार, तुमचे फार आभार, हे मी विचारलंच नव्हतं. वेंगुर्लेकर, जुनोला ब्रुअरीत आधी वेळ घ्यावी लागते का?

वेंगुर्लेकर_बोटीवरचा

टूर हवी असेल तर आधी फोन करून ठेवा. त्या दिवशी धक्क्यावर चार-पाच बोटी असतील, तेव्हा लवकर उतरा.

टिळकरोड

मुंबई-गोव्याचं कुणी सांगेल का?