ईमॅक्स: स्वतःच्या शॉर्टकटांचा हेल्प-मजकूर कसा लिहायचा?

खिळेजुळारी:
आमचं एक छोटं त्रैमासिक आहे. मजकूर कुठून कुठून येतो: वर्ड, व्हॉट्सॲप, फोनवर बोलून टाइप केलेला. तो एकसारखा करायला मी ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये चार कमांड लिहिल्या आणि एका मायनर मोडमध्ये (हवी तेव्हा चालू-बंद करता येणारी जोडसुविधा) बसवल्या. एक सरळ अवतरणचिन्हं वळणदार करते, दुसरी ०-९ चे 0-9 करते. तिसरी 'वेळः', 'स्थळः' असल्या ठिकाणी कोलनऐवजी टाइप झालेला विसर्ग पकडते. चौथी 'दुसऱ्या'मधला र सगळीकडे एकाच तऱ्हेने साठवते. (ऱ ला हलन्त जोडूनही तो येतो आणि र, हलन्त, वर झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह असाही येतो. दिसायला सारखाच, पण शोधायला गेलं की दुसऱ्या तऱ्हेचे सापडत नाहीत.)

कोड व्यवस्थित चालतोय. पण संपादनाला आता आणखी दोघीजणी आल्यात आणि दर वेळी फोन मला येतो. कंट्रोल-एच, मग के, मग शॉर्टकट दाबला की त्या फंक्शनची माहिती दिसते, एवढं त्यांना दाखवलंय. विसर्गाच्या कमांडला तिथे हे दिसतं:

"रीजनमधले विसर्ग रेग्युलर एक्स्प्रेशनने शोधून रिप्लेस करते. की: कंट्रोल-सी व्ही."

यात आणखी काय लिहावं, किती लिहावं? की सरळ एक पीडीएफ करून वाटून टाकू?

कंसातला_कंस:
पीडीएफ नको. कोड बदलेल, पीडीएफ तशीच राहील.

पहिली ओळ म्हणजे एक पूर्ण वाक्य हवं, कारण कंट्रोल-एच ए ने कमांड शोधल्या की प्रत्येकीची फक्त पहिली ओळ दिसते. पुढच्या ओळी कोडच्या रांगेत आणायला आत सरकवू नका, ती मोकळी जागा हेल्पमध्ये जशीच्या तशी उमटते. आणि की हाताने लिहू नका. दोन बॅकस्लॅश आणि चौकटी कंसात कमांडचं नाव, म्हणजे \\[विसर्ग-तपास], असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या ईमॅक्समध्ये त्या क्षणी जी की लावलेली असेल ती दिसते. कुणी क्युआ मोड (कॉपी, पेस्ट, अन्डूच्या इतर प्रोग्रॅमसारख्या की देणारा) लावला असेल तर अन्डूसाठी तिला कंट्रोल-झेड दिसेल, तुम्हाला तुमची नेहमीची. सगळ्या शॉर्टकटांची यादी हवी असेल तर मोडच्या मजकुरात तसेच दोन बॅकस्लॅश आणि महिरपी कंसात कीमॅपचं (कुठल्या कीला कुठली कमांड, त्या तक्त्याचं) नाव द्या. कंट्रोल-एच एम दाबलं की यादी तयार.

झाल्यावर चेकडॉक, म्हणजे असा हेल्प-मजकूर तपासणारं ईमॅक्सचं साधन, चालवा. मराठी वाक्यावर इंग्रजीचे नियम लावून थोडी कुरकुर करेल, तेवढं सोडून द्या.

शुद्धिपत्र:
वरचं सगळं बरोबर असेल, मला त्यातलं निम्मंच कळलं. मी मुद्रितशोधक आहे. ईमॅक्स वापरते ते पुतण्याने बसवून दिलं म्हणून. तेव्हा तुमच्या त्या दोघींच्या बाजूने लिहिते.

रेग्युलर एक्स्प्रेशनने शोधता की भिंगाने, मला काय करायचंय? विसर्गाची कमांड म्हटल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: माझ्या 'स्वतः'चं काय होणार? 'विशेषतः', 'अंशतः', 'बहुशः', 'अक्षरशः', किती शब्द आहेत शेवटी विसर्ग असलेले. आणि मधे असलेल्या 'दुःख', 'निःशब्द'चं? हे जोवर लिहिलेलं नाही तोवर मी ती की दाबणार नाही, तुम्हाला फोनच करणार. फोन येतात ते त्या दोघी अडाणी आहेत म्हणून नव्हे.

म्हणजे काय बदलतं याच्याइतकंच काय बदलत नाही तेही लिहा. नंतर, कुठवर बदलतं: मी निवडलेल्या परिच्छेदात, की अख्ख्या लेखात? काहीच निवडलं नसेल तर? विचारून बदलतं की परस्पर? आणि नको असेल तर परत कसं आणायचं. बास.

आकड्यांच्या कमांडला तर हे फारच लागू आहे. कवितेच्या अवतरणात किंवा जुन्या ग्रंथाच्या पृष्ठांकात देवनागरी आकडे मुद्दाम ठेवलेले असतात. तुमची कमांड तिथेही फिरते का? फिरत असेल तर पहिल्या ओळीतच लिहा, सातव्या ओळीपर्यंत कोण वाचतंय.

जाता जाता: 'रीजन' लिहू नका, 'निवडलेला मजकूर' लिहा.

खिळेजुळारी:
शुद्धिपत्र ताई, पटलं. अपवादांची यादी कोडमध्ये आहेच, पण ती आहे हे माझ्याशिवाय कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. असं केलंय:

"शब्दाच्या शेवटी कोलनऐवजी आलेला विसर्ग विचारून बदला.
मजकूर निवडला असेल तर तेवढ्यातच शोधते, नसेल तर कर्सरपासून शेवटपर्यंत. प्रत्येक जागी थांबते: वाय म्हणजे बदल, एन म्हणजे सोड, क्यू म्हणजे पुरे. 'विसर्ग-अपवाद' या यादीतले शब्द (स्वतः, विशेषतः, अक्षरशः वगैरे) वगळते. शब्दाच्या मधल्या विसर्गाला हात लावत नाही. आधी कंट्रोल-यू दाबल्यास काही न बदलता फक्त जागा रंगवून दाखवते. बदल मागे घ्यायला \\[अन्डू]."

एक उरलंच. दोघींपैकी एकीकडे शॉर्टकट चालतच नाही. कंट्रोल-सी दाबलं की खाली 'कंट्रोल-म अनडिफाइन्ड' असं येतं.

कंसातला_कंस:
तिचा सिस्टिमचा कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्ट या मांडणीवर असणार. इनस्क्रिप्टमध्ये सी च्या जागी म असतो, त्यामुळे ईमॅक्सला कंट्रोल-म पोचतं. एक्स च्या जागी अनुस्वार, म्हणजे तिला फाइल सेव्ह करतानाही हाच त्रास होत असेल, विचारून बघा. सिस्टिमचा कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून ईमॅक्सच्या आतलीच देवनागरी-इनस्क्रिप्ट पद्धत निवडायची आणि कंट्रोल-बॅकस्लॅशने चालू-बंद करायची. तिथे अक्षरं मराठी उमटतात, शॉर्टकट शाबूत राहतात. हे मोडच्या मजकुरात अगदी वर लिहा, कमांडच्या मजकुरात नको. की चालत नसेल तर कमांडचा मजकूर तिच्यापर्यंत पोचणारच नाही.

आणि कंट्रोल-सी व्ही बदला. कंट्रोल-सी आणि पुढे अक्षर ही जागा ईमॅक्सच्या संकेताप्रमाणे वापरणाऱ्याच्या स्वतःच्या शॉर्टकटांसाठी राखीव आहे. मायनर मोडने विरामचिन्हांपैकी काही घ्यावं. विसर्गासाठी कोलन घ्यायचा मोह होईल, पण कोलन, अर्धविराम, महिरपी कंस आणि लहान-मोठ्याची चिन्हं मेजर मोडच्या (फाइलच्या प्रकाराप्रमाणे लागणारा मुख्य मोड) वाट्याची.

खिळेजुळारी:
कंट्रोल-सी आणि उद्गारचिन्ह केलं. मोडच्या मजकुरात काहीच बदलावं लागलं नाही, \\[विसर्ग-तपास] ने नवीन की आपोआप दाखवली. आता आकड्यांच्या कमांडला बसतो. अवतरणातले आकडे ती खरंच बदलतेय, ते पहिल्या ओळीत घालतोय.

शुद्धिपत्र:
ओळीत घाला, पण त्याआधी बदलायची थांबवता आली तर बघा ना!