अनुभव धागा: गेलेला डेटा बॅकअपमधून परत आणताना

सकाळी पुतण्याचा फोन आला. पहिली नोकरी, डिलीट क्वेरीत व्हेअर (कुठल्या नोंदी उडवायच्या ती अट) लिहायचाच राहिला, सगळ्या नोंदी उडाल्या. त्याचा आवाज ऐकला आणि माझी पंधरा वर्षांपूर्वीची रात्र आठवली. डेटाबेस मायएसक्यूएल. डंप (सगळ्या डेटाची फाइलमध्ये घेतलेली प्रत) रात्री २ चा, चूक दुपारी ४ ची. मधले चौदा तास फक्त बायनरी लॉगमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल क्रमाने नोंदवणाऱ्या फाइलमध्ये. डंप वेगळ्या सर्व्हरवर चढवला, डंपमध्ये नोंदलेल्या पोझिशनपासून (डंप घेतला तेव्हा लॉग जिथे होता ती जागा) लॉग चालवला आणि त्या डिलीटच्या बरोब्बर आधी थांबवला. पहाटे नोंदी जुळल्या तेव्हा रडू आलं. तुम्हीही लिहा.

---

ताई, त्याला सांगा, घाईने काही करू नकोस. आमच्याकडे एकाने घाबरून जुना डंप थेट चालू डेटाबेसवर चढवला. उरलेलं होतं तेही गेलं.

---

आमचा बॅकअप रोज 'यशस्वी' व्हायचा. उघडला तर शून्य बाइट. डिस्क भरलेली, कुणी पाहिलंच नाही. तिघींनी कागदी नोंदवह्यांवरून आठ महिन्यांचं पुन्हा टाइप केलं. बाळ उठलं, बाकीचं नंतर लिहिते.

---

त्या तिघींना नमस्कार! माझी आई रेकॉर्ड विभागात होती, अक्षर मोत्यासारखं. तिच्या वह्या अजून जपून ठेवल्यात.

---

गिटलॅबचं, त्या कोड साठवायच्या साइटचं, आठवतं? ३१ जानेवारी २०१७, चुकीच्या सर्व्हरवरची डिरेक्टरी उडाली, सुमारे ३०० जीबी. डेटाबेस पोस्टग्रेसची ९.६ आवृत्ती, डंपचं टूल जुन्या ९.२ चं, म्हणून डंप होतच नव्हता आणि इशाऱ्याचे मेल पोचत नव्हते. सहा तास आधी एकाने हाताने घेतलेला स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) कामी आला. सगळं त्यांनी जगासमोर मांडलं, याचा मला फार आदर वाटतो.

---

डंप चढला, आकडे बरोबर, पण मराठी नावं सगळी ????. कुणी सांगेल का?

---

डंपची फाइल हेक्समध्ये (बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या एडिटरमध्ये) बघा. 'ई० ए४' दिसलं तर देवनागरी शाबूत आहे, टेबल आणि कनेक्शन दोन्हींचा कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ करून परत चढवा. नुसतं '३एफ' असेल तर फाइलमध्येच प्रश्नचिन्ह आहे, त्याआधीचा बॅकअप शोधा.

---

ई० ए४ आहे!! जीव भांड्यात पडला.

---

ताई, पुतण्याचं काय?

---

त्यांच्याकडे लॉग चालू होते. डंप वेगळ्या सर्व्हरवर चढतोय, अजून दोन तास तरी लागतील. फोन चालूच ठेवलाय, दोघंही काही बोलत नाही.