'किरिकू' मुलांना दाखवताना त्याला लोककथा म्हणावे का?

छायाप्रकाश: आमच्या वाचनालयात सुट्टीत सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी मिशेल ओसेलो यांचा 'किरिकू आणि चेटकीण' (१९९८) हा अ‍ॅनिमेशनपट दाखवायचा विचार आहे. पश्चिम आफ्रिकेची लोककथा अशी त्याची ओळख करून देणे योग्य ठरेल का? शिवाय त्यातला बाळनायक किरिकू पूर्ण नागडा आणि गावातील स्त्रिया उघड्या छातीच्या आहेत, त्यावर पालक आक्षेप घेतील का?

बोरूबहाद्दर: अर्धीच योग्य ठरेल. ओसेलो फ्रेंच असले तरी त्यांचे बालपण पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात गेले. आईच्या पोटातून बोलणारे आणि स्वतःच जन्म घेणारे बाळ त्यांना वसाहतकाळातील एका फ्रेंच अधिकाऱ्याने संकलित केलेल्या कथेत सापडले. पुढची मांडणी मात्र बव्हंशी त्यांची स्वतःची आहे. करबा चेटकिणीने झरा आटवला आणि पुरुषांना खाल्ले, असे मानून सारे गाव भेदरलेले असताना, ती दुष्ट का झाली हे विचारणारा किरिकू एकटाच असतो. काही पुरुषांनी तिला धरून तिच्या पाठीत विषारी काटा खुपसला होता, हे त्याला डोंगरातल्या आजोबांकडून कळते, आणि शेवटी तो काटा तो दातांनी उपटून काढतो. मोठ्यांना या प्रसंगाचा वेगळाच अर्थ लागतो. मुलांना तो फोडून सांगू नये.

माजघर: नग्नतेची चिंता सोडा. त्या गावात कोणी त्याकडे वळूनही पाहत नाही, त्यामुळे मुलेही पाच मिनिटांत विसरतात. पालकांना आधी कल्पना द्या, म्हणजे झाले. लहानग्यांना भीती वाटेल ती झऱ्याच्या प्रसंगाची: पाणी पिऊन फुगलेल्या प्राण्याला किरिकू तापलेल्या सळईने भोसकतो आणि उसळलेल्या लोंढ्यात स्वतः निपचित पडतो. तिथे मुलांजवळ कोणीतरी बसलेले बरे.

पडद्यामागे: करबाच्या चुंबनाने किरिकू एकदम तरुण होतो, हा शेवट मला युरोपीय परीकथेतून उचलल्यासारखा वाटतो. पण ध्वनीची बाजू अस्सल आहे: मूळ फ्रेंच संवाद डाकारमध्ये सेनेगली कलाकारांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले, आणि सेनेगलचे गायक युसू न्दूर यांनी कोरा, बालाफोन अशा पारंपरिक वाद्यांवरच संगीत बांधले. म्हणून इंग्रजी डब टाळा. फ्रेंच आवृत्ती लावून कोणीतरी मराठीत थोडक्यात सांगत गेले, तर सव्वा तास सहज निघून जाईल.