अनुभव धागा : घरातला जुगार

ऑनलाइन रमीच्या बातमीवर इथे बोलणं चाललं होतं, तेव्हा काही जणींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून घरची हकीकत कळवली. उघड लिहायची लाज वाटते, असं प्रत्येकीचं म्हणणं. ही लाज खेळणाऱ्यापेक्षा घरच्यांनाच जास्त छळते, म्हणून हा धागा काढतेय. स्वतःच्या नावाने लिहायचं नसेल तर मला पाठवा, मी अनामिक म्हणून टाकेन. माणसांची, ॲपची, बँकांची नावं नकोत. काय झालं तेवढं लिहा. सुरुवात मी करते.

वडील गिरणीत होते आणि मटका खेळायचे. आधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लागायचा, ते बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, हा इतिहास ते पोवाड्यासारखा रंगवून सांगत. १९८२ च्या संपात पगार थांबला, आकडा थांबला नाही. माझ्या शाळेच्या वह्यांची मागची पानं ओपन-क्लोजच्या, म्हणजे मटक्यात उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या आकड्यांच्या गणितांनी भरलेली असत. आकड्यांची जोडी लागली की घरात मटण यायचं आणि आम्ही भावंडं खूश व्हायचो, ते आठवलं की आजही कसंतरी होतं. आईच्या मंगळसूत्राच्या वाट्या गेल्या तेव्हा तिने काळ्या पोतीत हळकुंड ओवलं. चाळीत कुणी विचारलं की म्हणायची, "सोनाराकडे गाठवायला दिलंय." ती गेली तोवर ते घरी आलं नव्हतं.

अनामिक १

नवरा सरकारी नोकरीत. दारू नाही, तंबाखू नाही, निर्व्यसनी म्हणूनच स्थळ पसंत केलेलं. रात्री पांघरुणात मोबाईलचा उजेड दिसायचा, तेव्हा मला संशय आला तो दुसऱ्या बाईचा. मी शिक्षिका आहे. आमच्या मुख्याध्यापकांना वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा खरं काय ते कळलं. झटपट कर्जाच्या ॲपने त्याच्या फोनमधले सगळे नंबर उचलले होते. माझ्या माहेरी, गॅसवाल्याला, मुलाच्या क्लासला, सगळीकडे फोन गेले.

आम्ही काय केलं, तर एफडी मोडली, बाबांनी प्लॉट विकला आणि सगळं फेडलं. त्याने मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती शपथ खोटी नव्हती. त्या क्षणी तो मनापासून बोलत होता, हे मला आता कळतं. पण जुनं कर्ज फिटल्याबरोबर त्याला नवीन कर्ज मिळायला लागलं. वर्ष सरायच्या आत पुन्हा तेच. समुपदेशक बाईंनी स्वच्छ सांगितलं, "तुम्ही भरलेला प्रत्येक रुपया त्याला पुढच्या डावाचं भांडवल झाला."

आता पगार माझ्या खात्यात वळता होतो, त्याच्या फोनवर यूपीआय नाही. नावावर कुठली कर्जं आहेत ते दाखवणारा सिबिलचा रिपोर्ट अधूनमधून दोघं मिळून उघडतो. भाजीला पैसे मागताना त्याची मान खाली जाते ते बघवत नाही. तरी मोजूनच देते.

अनामिक २

आमचं जरा वेगळं आहे. पप्पांना पार्किन्सन्स. प्रमिपेक्सोल हे त्यावरचं औषध सुरू झालं, चालणं सुधारलं, आणि रिक्षाचे पैसे वाचवायला आयुष्यभर पायी फिरलेला माणूस लॉटरीची तिकिटं गठ्ठ्याने आणू लागला. पेन्शन पुरेना, मग आत्याकडून उसने. आम्ही म्हातारचळ म्हणून बोल लावत राहिलो.

फेरतपासणीत डॉक्टरांनी आपणहून विचारलं, "खरेदी, जुगार, खाणं, यातलं काही एकाएकी वाढलंय का?" ही औषधं मेंदूत डोपामाइनसारखं काम करतात आणि काही रुग्णांमध्ये त्यातून अशी अनावर ओढ लागते. डोस हळूहळू उतरवून दुसरं औषध दिलं आणि तिकिटं थांबली. पप्पा म्हणाले, "मला कळत होतं रे, पण राहवत नव्हतं." कुणाकडे हे औषध चालू असेल तर मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात.

अनामिक ३

मी स्वतः खेळणारा. क्रिकेटचा सट्टा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा घरच्यांना वाटलं सुटलो. माझा व्यवहार बुकीशी, फोनवर आणि रोखीत. त्याला ॲप लागतच नव्हतं. जिंकायची हौस कधीच संपलेली, फक्त गेलेले परत आणायचे होते. बहिणीच्या लग्नासाठी पतसंस्थेत ठेवलेले पैसे त्यातच गेले. लग्न आधी पुढे ढकललं, मग मोडलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. राखीपौर्णिमेला मी गावी जात नाही.

अनामिक ४

पणजीत हॉटेलच्या रिसेप्शनला आहे. २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला मनाई आहे. मांडवीतल्या बोटींवरून पहाटे परततात ते बाहेरचे पाहुणे. कोल्हापूरकडच्या एकाने बसभाड्यासाठी बोटातली अंगठी काढून काउंटरवर ठेवली. आत बायकोचं नाव कोरलेलं होतं. पैसे दिले, अंगठी परत केली.

अनामिक ५

माझा भाऊ गेला. कर्ज किती होतं ते आम्हाला नंतर कळलं. आमच्या राहत्या घराच्या निम्म्या किमतीचंही नव्हतं. आई अजून तोच हिशोब करत बसते.

धागाकर्ती

ताई, तुम्ही लिहिलंत, फार मोठी गोष्ट केलीत. जीव नकोसा झालाय असं इथे वाचणाऱ्या कुणालाही वाटत असेल, तर आत्ता १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जुगाराचं व्यसन हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. उपचार मानसोपचारतज्ज्ञांकडे होतात.

अनामिक ६

जावई खेळतो. काल लेकीचा फोन आला, तीन लाख लागतायत, हे शेवटचंच म्हणतोय. आमच्याकडे आहेत, ह्यांच्या निवृत्तीचे. नाही म्हटलं तर तिचे हाल होतील. काय करू?

अनामिक १

काकू, त्याच्या हातात काही देऊ नका. आधी त्याला सिबिल रिपोर्ट काढायला लावा, त्यात लपवलेली कर्जं सापडतात. मित्रांचं, नातेवाइकांचं, सावकाराचं देणं त्यात दिसत नाही, त्याची यादी त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. डॉक्टरकडे तो स्वतः जाऊन येईपर्यंत पैशाचा विषय काढू नका. लेकीला थोडे दिवस माहेरी बोलवा. आणि आजच फोन करून विचारा, तिचे दागिने कुठे आहेत.